कानामागची टक टक

प्रिय आक्का,

तुझं ऑपरेशन फुकटात झालं, असं मी जन्मभर सांगत आलो. आज खरी किंमत लिहितो. डाव्या कानाचं ऐकणं गेलं. कानामागचे तळहाताएवढे केस गेले, ते पुन्हा नीट आलेच नाहीत. दीड महिना खाट, रोज पट्टी बदलताना दातांत पदर. आणि अंगठा बसेल एवढा खड्डा. याला मी फुकट म्हणत होतो!

आजच का लिहितोय? काल कंग्राळीला तुझ्या बाराव्याला सुंदराबाई आल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात तुझं सगळं बघणाऱ्या, आता पार वाकलेल्या. त्यांच्यादेखत मी माझी नेहमीची गोष्ट रंगवून सांगितली. लोक पांगल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. काय बोलल्या ते लिहितो, पण क्रमानं. नाहीतर मधलं लिहायला हात धजायचा नाही.

आधी माझी चूक. पहिली लढाई संपली त्या सुमाराला तुझा कान वाहायला लागला. दोन वर्षं तू पदरानं पुसत होतीस आणि मी म्हणत होतो, "आक्का, कान कुणाचा वाहत न्हाय? लसणीचं तेल घाल." दुसऱ्यांच्या घागरी ठोकता ठोकता स्वतःचं दुकान नुकतं उभं राहिलं होतं, मला सवड कुठली! पण तू तरी का ऐकलंस गं माझं? थोरली तू होतीस ना?

मग कानामागं गाठ आली. तापात तू मला वारलेल्या आप्पांच्या नावानं हाक मारलीस, तेव्हा कुठं मी गाडी जुंपली.

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावरची कवटी उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. कानाच्या वरच्या हाडातून उजेड आरपार आला!

"तांबट ना तुम्ही? मग पत्रा कळतो तुम्हाला. ह्याच्या वर मेंदू, मागे रक्ताची मोठी शीर आणि मधून तोंडाची नस, ती दुखावली तर तोंड कायमचं वाकडं. पूर्वी नुसती गाठ फोडायचे. पू निघायचा, माणूस घरी जायचा आणि आठ दिवसांत दगावायचा. आता सडकं हाड छिन्नीनं काढतो, पार तळापर्यंत."

"आणि छिन्नी पलीकडं गेली तर?"

एवढ्या तापातही तू खाटेवरून म्हणालीस, "दत्तू, त्यास्नी शिकवू नगंस. तुझी घागर न्हाय ही."

आता ती गोष्ट. आमच्या गल्लीतले तांबट चाळिशीत बहिरे होतात. मी पहिल्या दिवसापासून कापूस घातला, म्हणून माझे कान शाबूत. पत्रा पातळ झाला की आवाज बदलतो, ते मला न बघता कळतं. व्हरांड्यात बसलो होतो. आतून टक टक चाललेली. एकदम आवाज चिरका झाला. मी ओरडलो, "थांबा डॉक्टर! पत्रा पातळ झाला!" आणि टक टक थांबली. माझ्या कानांनी आक्काचा जीव वाचवला, हे मी पंचवीस वर्षं लग्नामुंजीत सांगितलं. तू उजवा कान माझ्याकडं करून ऐकायचीस आणि हसायचीस. ओठ दोन्ही बाजूंना सारखे! त्या हसण्याचंही श्रेय मीच घ्यायचो.

गेल्या वर्षी तुझ्या नातीचा कान फुटला, तो नुसत्या गोळ्यांनी आठ दिवसांत कोरडा झाला. आता कापायची वेळ क्वचितच येते म्हणे, आणि आली तर मोठ्या शहरांत विजेवर फिरणारं बारीक गिरमिट असतं. ती पांढरी गोळी तू तळहातावर घेऊन किती वेळ बघत बसली होतीस! मनात काय होतं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तर सुंदराबाई म्हणाल्या, "अण्णा, आत माजं काम एकच. आक्काच्या गालावर हात ठिवायचा. नसंजवळ छिन्नी आली की गाल उडतोय. एकदा उडला. म्या म्हटलं, सायेब, हलला. त्यांनी हात तितंच थांबवला."

आमटीत मीठ घातल्याचं सांगावं, तसं सांगितलं त्यांनी.

"मग माझं वरडणं?"

त्या इतक्या हसल्या, की भिंतीला टेकावं लागलं. "आक्कांना तवाच म्हटलं, भावाला खरं सांगूया. तर म्हणाल्या, नगं बाई. दोन वर्सं कान वाहू दिला, ते त्याला लई लागलंय. ऱ्हाऊ दे त्याच्याकडं ती गोष्ट."

तुला माहीत होतं तर! पंचवीस वर्षं, आक्का? एकदा तरी माझा कान पिळायचास!

वचन देतो. इथं आमच्या अनगोळात कुठल्याही पोराचा कान वाहताना दिसला, तर दुकानाला कुलूप लावून त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडं नेईन. आणि इथून पुढं गोष्ट सुंदराबाईंच्या हाताची सांगेन, माझ्या कानाची नाही. हसू आवरल्यावर सुंदराबाईंनी सांगितलं ते शेवटी लिहितो: मी ओरडलो तेव्हा तुला टेबलावर घेतलंच नव्हतं. तू शेजारच्या खोलीत जागी बसली होतीस, आणि आत सुतार कपाटाचा पाय ठोकत होता.

तुझा,
दत्तू