आत्या, टिटवी छाप मी बंद केली

प्रिय आत्या,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. पंगतीला धसईची माणसं येतील, मुरबाडहून तुमचा भाऊ येईल, सिद्धगडाखालच्या वाडीतली आपली जुनी गिऱ्हाइकं येतील. त्या सगळ्यांपुढे मी एक गोष्ट बोलणार आहे आणि तुमच्या लेकाला ते मान्य नाही. सकाळपासून भरत माझ्याशी धड बोललेला नाही. मघाशी चिडून म्हणाला, "आयेला इचारलंस का?" म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. परवानगी मागत नाही हं! आधी कानावर घालते, एवढंच.

पहिलं सांगायचं ते हे की टिटवी छाप मी बंद केली. धसईच्या बाजारात आपल्या दुकानावर आता टिटवीचा कोयता नाही, विळा नाही, साधी भाजीची सुरीसुद्धा नाही. पाटीही उतरवली. तुम्ही हळदीकुंकू लावून, नारळ फोडून लावलेली पाटी! सून असून सासूच्या पाटीला हात लावला म्हणून अर्धा बाजार माझ्याकडे बघत होता. बघू दे.

लग्न होऊन वाशिंदहून मी या घरात आले, तेव्हा माझ्या रुखवतातली सुरी तुम्ही दोन बोटांत धरून बाजूला ठेवलीत आणि टिटवीची सुरी माझ्यापुढे सरकवलीत. "हिला वीस वरसं काय व्हत नाय," म्हणालात. खरंच झालं नाही. तीच सुरी आजही माझ्या ओट्यावर आहे. मी मनात म्हणायचे, या बाईच्या देव्हाऱ्यात एक टिटवी बसवायची तेवढी राहिलीय.

पण माल होताच तसा. पातं जाड, पाठीला वजन, मूठ घट्ट. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडणारा माणूस कमरेच्या आकडीला एकच कोयता अडकवून जायचा आणि सबंध थंडी त्याच्यावर काढायचा. चार पैसे जास्त पडायचे, पण कुणी घासाघीस करत नसे. "टिटवी हाय ना? मंग द्या."

आणि तुमची ती रीत! कोयता तुम्ही कधी कुणाच्या हातात दिला नाहीत. हातातून हातात पातं गेलं की भांडण होतं म्हणे. पुढ्यात पोतं अंथरलेलं, त्यावर तुम्ही कोयता ठेवायचा, गिऱ्हाइकानं तो उचलायचा. उचलला की त्याचा. मग चांगला निघो की वाईट, उचललेलं पातं दुकानावर परत ठेवायचं नाही. ठेवलं तर दोन्ही घरांना वाईट. नवी सून म्हणून मला ते बघायला फार आवडायचं. आता त्या रीतीचा मला राग येतो, आत्या. का येतो ते सांगते.

तुमचा उजवा हात गेला, जीभ जड झाली, तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि दुकान माझ्याकडे आलं. कल्याणचा एजंट खोकी आणून टाकायचा, मी खोकं फोडायचे, पोत्यावर मांडायचे, विकायचे. कुणाची तक्रार नाही. बाजाराहून आले की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात आणि कसंबसं विचारायचात, "कोन... बोलला?" मी म्हणायचे, "कुणी काय बोललं नाय, आत्या. समदं बरं हाय." तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवायचात. मला वाटायचं, टिटवीचं कौतुक कुणी केलं नाही म्हणून रुसल्या!

एकदा तुम्ही डाव्या हातानं पडवीच्या भिंतीकडे सारखं दाखवत होतात. मी खिडकी लावली. तुम्ही मान हलवलीत. मी खिडकी उघडली. मग तुम्ही रडायला लागलात आणि मी तुम्हाला पाणी पाजलं. त्या भिंतीला खिडकीशेजारी तुमची कानस टांगलेली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. किती आशेनं दाखवत असाल तुम्ही!

मागच्या आठवड्यात वाडीवर आमंत्रणं द्यायला गेले. यमुनाबाई आठवते ना, तुमच्याशिवाय कुणाकडून विळासुद्धा न घेणारी म्हातारी? तिच्या पडवीत बसले, वर बघितलं, तर वळचणीला टिटवीचे कोयते खोचलेले. कोरे करकरीत. मुठीवरचा कागदही निघालेला नाही. आणि तिचा लेक अंगणातून राब तोडायला निघाला, तर त्याच्या कमरेला जुनाट, झिजून निम्मा झालेला कोयता! मी म्हटलं, हे काय, नवे कुणासाठी राखून ठेवलेत?

म्हातारीनं आधी विषयच टाळला. चहा पी, गूळ घे, असलं काहीबाही. मग तिची सून आतून म्हणाली, "सांगा की आये. माझ्या डोक्यातच पडायचा व्हता."

आणि मग निघालं सगळं. तुम्ही अंथरुणाला लागलात त्याच वर्षी लेक नवा कोयता घेऊन झाडावर चढला. थोडं तोडलं आणि धार दुमडली. आणखी घाव घातला, तर पातं मुठीतून सुटून खाली आलं. खाली सून फांद्या गोळा करत होती. तिच्या कानाजवळून गेलं. एवढं होऊन यमुनाबाई पुढच्या वर्षी परत आपल्याच दुकानावर आली आणि परत टिटवीच घेऊन गेली!

"अवो, मंग मला सांगायचं नाय? परत आणायचा नाय?" मी ओरडलेच.

"उचाललेला कोयता परत ठेवत्यात व्हय गो?" ती म्हणाली. "त्यात हौसाबाय पडून व्हती. आमीच नाय आलो, तर तिला वाटंल, मी हातरुणाला लागले नि माझं गिराईक सुटलं. म्हनून घ्यायचा नि हितं खोचायचा. तिला बरं वाटावं म्हनून."

आत्या, मला त्या पडवीत बसवेना. एका घरात नाही, वाडीतल्या घराघरांत तेच होतं. कुणी कोयता कोंबडीच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेला, कुणी कुंपणात खोचलेला. तुमच्यावरच्या मायेपोटी माणसं निकामी लोखंड विकत घेत राहिली आणि मी मेली खुशाल समजत राहिले की माल खपतोय म्हणजे चांगलाच आहे.

मग एसटीत बसून घरी येताना मला ती कानस आठवली. तुम्ही धडधाकट होतात तेव्हा बाजाराच्या आदल्या दिवशी पडवीत पाय पसरून बसायचात. शेजारी खोकं, समोर शेगडी, हातात कानस. एकेक पातं घासायचात, मूठ काढून आत राळ भरायचात, पात्याची दांडी तापवून पुन्हा मुठीत ठोकून बसवायचात. मी जवळ आले की म्हणायचात, "मी नुसता माल पुसते. तू जा, भाकऱ्या बघ." पुसायला कानस लागते होय, आत्या? पुसायला राळ लागते?

तुम्हाला ठाऊक होतं! कंपनीच्या जुन्या मालकाच्या पोरांनी टिटवीचं नाव दुसऱ्या कुणाला विकलं, तेव्हापासूनच तुम्हाला ठाऊक होतं. पातं पातळ झालं, दांडी आखूड झाली, मुठीत नुसता डिंक यायला लागला. किंमत मात्र तीच, वर नवा रंग. आणि तुम्ही काय केलंत? त्यांना जाब विचारला नाहीत. माल परत पाठवला नाहीत. स्वतःचं मनगट झिजवून त्यांची अब्रू झाकलीत. लोक टिटवीला चांगलं म्हणत राहिले आणि तुम्ही कौतुकानं मान डोलावत राहिलात. तुमचा तो हात गेला तो काय नुसत्या रक्तदाबानं गेला? डॉक्टर काही म्हणू दे, मी ते मानणार नाही.

का केलंत असं? पाटीवर तुमचं नाव टिटवीच्या शेजारी होतं म्हणून? एवढी वर्षं शब्द दिला, आता कुठल्या तोंडानं फिरवायचा म्हणून? निदान मला तरी सांगायचं होतंत! भाकऱ्या काय पळून जात होत्या? मला कानस धरायला शिकवली असतीत, तर यमुनाबाईच्या सुनेच्या कानाजवळून पातं गेलं नसतं. याचा मला तुमच्यावर राग आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरणार.

एजंट आला, तेव्हा मी त्याला अंगणात उभा केला. त्याच्याच खोक्यातला कोयता घेतला आणि त्याच्यासमोर ऐनाच्या फांदीवर घाव घातले. धार दुमडली. तो म्हणतो, "वहिनी, फांदीच कडक आहे." मी म्हटलं, "ऐनाची फांदी कडक नाय तर काय केळीची असंल?" मग हसायला लागला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? नाव चालतंय तोवर चालवा. टिटवी म्हटलं की गिऱ्हाईक बघतसुद्धा नाही."

हेच. गिऱ्हाईक बघत नाही, याच्यावरच त्यांचं सगळं चाललंय. मी खोकी उचलून त्याच्या टेम्पोत टाकली. बोट कापलं नाही, याचंही मला नवल वाटलं नाही. त्या पात्यानं काय कापणार?

भरत त्या रात्री जेवला नाही. "माल बंद कर, पाटी काढ, माझं काय म्हननं नाय," म्हणाला. "पन लोकांना कशाला सांगतेस? आयेला म्हाईत व्हतं नि ती गप ऱ्हायली, आसंच ना? माझी आये खोटी व्हती, हे पंगतीत सांगनार तू?" हे म्हणताना त्यानं ताट बाजूला सारलं, आत्या. मला वाईट वाटलं. पण मी ऐकलं नाही. कारण मी गप्प बसले, तर वाडीतली माणसं आयुष्यभर हेच समजतील की खोट त्यांच्याच नशिबात होती. यमुनाबाईचा लेक तर अजून म्हणतो की त्यालाच नीट घाव घालता येत नाही!

परवाच्या बाजाराला मी दुकान लावलं ते रिकामं. नुसतं पोतं अंथरलं आणि येईल त्याला सांगितलं, टिटवीचा नवा कोयता, विळा, जे काय असेल ते परत आणा, मी घेते. माणसं लांब उभी राहिली. एक म्हातारा तर "नको गो बाय, आसं अभद्र बोलू" म्हणून हात जोडून गेला. शेजारची बांगडीवाली म्हणाली, "मंदे, येड लागलंय का तुला? धंदा घालवशील." ऊन चढलं तरी पोतं मोकळंच. मला रडू यायला लागलं होतं, पण तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

मग यमुनाबाईची सून आली. एकटी. पदराखाली कोयते बांधून आणलेले.  सासूनं नको म्हटलं होतं तिला, घरातून न सांगता निघाली होती. तिनं ते पोत्यावर ठेवले आणि डोळे मिटून उभी राहिली. जणू आता आभाळच कोसळणार होतं! मी ते उचलले. काही झालं नाही, आत्या. कावळा ओरडला, तो नेहमी ओरडतो. ती डोळे उघडून हसली आणि मीही हसले. दुपारपर्यंत आणखी बायका आल्या. हे विशेष की सगळ्या सुनाच होत्या.

आता विकणार काय, म्हणाल. मुरबाडच्या अलीकडे एक लोहार आणि त्याची बायको ट्रकच्या स्प्रिंगच्या जाड पाट्याचे कोयते घडवतात. दिसायला ओबडधोबड आहेत, रंग नाही, छाप नाही. महाग पडतात, वेळेवर देतील याची खात्री नाही. पण मी तोडून बघितलं. आणि प्रत्येक कोयता गिऱ्हाइकासमोर फांदीवर घालूनच पोत्यावर ठेवणार आहे. त्यांचं पातं उद्या बिघडलं, तर त्यांनाही सोडणार नाही. नावावर डोळे मिटून बसायचं काम पुन्हा या घरात होणार नाही.

तुमची कानस मी उतरवून घेतली. हाताला फोड आलेत, धार अजून वाकडी लागते. भरत लपून बघतो आणि न राहवून सांगतो, "आये आशी नाय धरायची."

आता उद्याचं. तुम्हाला आवडणार नाही, तरी ऐकून घ्या. पानं वाढून झाली की मी उभी राहणार आहे. धार का दुमडली, पातं का सुटलं, सगळं सांगणार. तुम्ही पडवीत बसून काय करत होतात, तेही सांगणार. भरत म्हणतो, त्यानं तुम्ही खोट्या ठराल. मी म्हणते, एवढी वर्षं या माणसांनी ज्या धारेला नावाजलं, ती कुणाच्या हातची होती हे त्यांना अजून कुणी सांगितलेलंच नाही. मी सांगेन. तुम्ही पुसलेलं तुमचं स्वतःचं नाव मी भर पंगतीत मोठ्यानं घेईन, आत्या, की टिटवी कधीच वाईट झाली होती, चांगली होती ती हौसाबाई.

रागवायचं तर रागवा.

तुमची, तुमचं न ऐकणारी सून,
मंदा