दारूचे लायसन, साईनाथची कुत्री आणि शाळेचे जुने गेट यांची व्यवस्था

मी, सोजरबाई हिंदुराव ढमाले, वय ६३, जुनी अकरावी पास, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. धाकटे दीर हिंमतराव गावात मला वेडी ठरवत आहेत, म्हणून डॉक्टरांचा कालच्या तारखेचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पूर्वी आणला गेला होता, तो कलम ३ मध्ये आहे.

१. कर्वेनगरचा फ्लॅट, त्यातील सामान व बँकेतील ठेवी माहेरी राहणारी सून ऋतुजा साईनाथ ढमाले हिला द्याव्यात. तिने दुसरे लग्न करावे. नव्या घरात साईनाथचा फोटो लावण्याची तिच्यावर सक्ती नाही.

२. गावातील देशी दारूच्या दुकानाचे लायसन. आजेसासऱ्यांनी इंग्रजांच्या अबकारीचा मक्ता घेतला होता. इंग्रज गेले, दारूबंदी आली, ती सैल झाली, आणि लायसन यजमानांच्या नावावर आले. ते वारल्यावर माझ्या नावावर झाले. घरच्या बाईने दारूच्या गल्ल्यावर बसू नये म्हणून दुकान हिंमतरावांनी चालवायचे ठरले. त्यासाठी मालकाला दरवर्षी, दुकान चालवणारा आपला नोकर आहे असा नोकरनामा लिहून द्यावा लागतो. मला वाचता येते, तरी अकरा वर्षे मी न वाचता सह्या केल्या. ही चूक माझी आहे. ती कोणाच्या नावे करता येत नाही.

दुकानासमोर शाळा आहे. तिची जागा सासऱ्यांनी दिलेली. शाळा आणि दारूचे दुकान यांच्यात नियमाचे अंतर लागते, आणि ते चालण्याच्या रस्त्याने मोजतात. हिंमतराव शाळेच्या समितीवर गेले आणि शाळेचे गेट विटा लावून बंद केले. नवे गेट मागच्या बाजूला काढले. अंतर भरले. तेव्हापासून मुले हिंजवडीच्या एका कंपनीच्या बसगाड्यांच्या रहदारीतून वळसा घालून जातात.

माझा मुलगा साईनाथ त्याच कंपनीच्या बसगाड्यांवर ड्रायव्हर होता. रस्त्यावर चेंगरलेली कुत्री तो उचलून आणायचा. दुकानामागे त्याने पत्र्याची शेड घातली आणि कुत्र्यांच्या निवाऱ्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज केला. शाळा जवळ आहे म्हणून अर्ज फेटाळला. या वेळी अंतर भिंतीवरून सरळ मोजले होते. अर्ज फेटाळणारे साहेब म्हणाले, "बाई, नियम जुना आहे." दारूचाही जुनाच आहे, असे मी म्हणाले नाही. म्हणायला हवे होते.

३. १५ ऑगस्ट २००४. ड्राय डे होता. हिंमतराव मागच्या दाराने माल विकत होते आणि येणाऱ्या प्रत्येकावर कुत्री भुंकत होती. मी शाळेत झेंडावंदनाला होते. लाऊडस्पीकर बंद झाल्यावर भिंतीपलीकडून कुत्र्यांचे ओरडणे ऐकू आले, मग साईनाथचे. मी धावले, पण गेट मागे होते. पोचले तेव्हा नऊ कुत्री मेली होती. व्यालेल्या कुत्रीचे डोके दगडाने ठेचले होते. साईनाथ तिच्या पिल्लांवर पालथा पडला होता. हिंमतरावांच्या हातात शटर उचकटायची पहार होती. तिला केस चिकटले होते. त्यांच्या माणसाने साईनाथला उताणा केला आणि त्याच्या तोंडात बाटली ओतली. ती माझ्या लायसनवरची दारू होती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

निकाल यावर्षी २० फेब्रुवारीला लागला. दारू पिऊन दगडावर पडला, असे धरले. हिंमतराव सुटले आणि त्याच दुपारी पेढे घेऊन माझ्या दारात आले. पेढ्यांच्या बॉक्सखाली नोकरनामा होता.

"वहिनी, झालं गेलं इसरा. मार्चअखेर जवळ आलीय. एवढी सही करा."

"चष्मा आणते," मी म्हणाले, आणि कोयता आणला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे तुटली. मला मानेवर मारायचे होते, त्यांनी हात मध्ये घातला. न्यायालयातही मी हेच सांगणार आहे. सध्या जामिनावर आहे.

४. माझ्या पश्चात हिंमतरावांनी तोच कागद ऋतुजापुढे धरू नये, म्हणून मी काल अबकारी कार्यालयात जाऊन लायसन सरकारजमा केले. कारकून म्हणाला, "आजी, असं लायसन आता कुणाला मिळत नाही. घरी विचारून या."

"विचारलं. घरात मी एकटीच असते."

त्याने शिक्का मारला.

५. दुकानाचे बांधकाम व मागची जागा नागोराव ओव्हाळ यांना द्यावी. हे जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे निवृत्त ड्रेसर आहेत. साईनाथखाली वाचलेली चार पिल्ले त्यांनी वाढवली. कुत्र्यांच्या निवाऱ्याला परवानगी नाही, पण घरात पाळलेल्या कुत्र्याला परवान्याचा बिल्ला मिळतो. म्हणून त्यांनी तिथे स्वतः राहावे आणि एकेका कुत्र्याचा बिल्ला काढावा. "वहिनी, तुमची भावकी मला तिथं जगू देईल का?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "चार कुत्री आहेत की सोबतीला." कोयता पोलिसांकडे जमा आहे. परत मिळाल्यास तोही त्यांना द्यावा. मूठ सैल झाली आहे, ती बदलून घ्यावी.

६. हिंमतरावांना रद्दचा शिक्का मारलेल्या लायसनची फ्रेम केलेली नक्कल, आणि सही न केलेला तो नोकरनामा द्यावा. कागदावरचे रक्त त्यांचे आहे. साईनाथचे त्यांनी त्याच संध्याकाळी धुऊन टाकले. माझ्या प्रेताला त्यांनी खांदा देऊ नये.

७. सासऱ्यांच्या दानपत्रात शाळेचे गेट पूर्वेलाच, म्हणजे दुकानाच्या बाजूलाच, ठेवण्याची अट आहे. प्रत जोडली आहे. नागोरावांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. त्यांनी समितीकडून अटीप्रमाणे विटा काढून घ्याव्यात. गेट उघडले की नियमाने तिथे पुन्हा कोणाचेच दारूचे दुकान होणार नाही. त्या गेटपासून दुकानाच्या पायरीपर्यंत एकवीस पावले भरतात. मी मोजली आहेत. त्या दिवशी मी तीनशे चाळीस धावले.

वरील सर्व वाचून सही केली आहे.

सोजरबाई हिंदुराव ढमाले

यांच्यासमक्ष:
१. डॉ. गोपाळकृष्ण आपटे, कर्वेनगर
२. उत्तरेश्वर माळवदकर, निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ

पुणे, मंगळवार, ३१ मार्च २००९