क्लेटनबरोबर गेलेली माझी काठी

मी, एल्जिन स्काय, वय एकाहत्तर, राहणार ग्रँड नदीकाठची मूळनिवासींच्या सहा राष्ट्रांची वस्ती, चौदा हंगाम पैसे घेऊन लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू झेलून गोल मारायचा आमचा खेळ, खेळलेला, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोक्याला मार पुष्कळ बसला, पण डोकं शाबूत आहे. शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला पाहावा. माझी बहीण वर्ना हिला विचारू नये.

१. राहतं घर मुलगी लोरेटा हिला. आमच्यात कूळ आईकडून चालतं, आणि या घरात हुकूम लोरेटाचाच चालतो.

२. डबीतले चार दात बचावपटू मरे लोगन याला. ते त्यानंच पाडले. आपलं कर्तृत्व त्यानं जवळ ठेवावं.

३. शनिवारी सामना आणि सोमवारी पुलाच्या तुळईवर, असं माझं आयुष्य गेलं. लोखंडकामाचे बूट आणि पाने जावयाला. तो माळ्यावर चढतानाही शिडी धरायला माणूस बोलावतो, तरी बूट त्याच्या मापाचे आहेत.

४. आता मुख्य गोष्ट. खेळाडूच्या शवपेटीत त्याची लाकडी काठी ठेवतात, कारण वर पोचल्याबरोबर खेळ असतो. वर्नाचा नवरा क्लेटन सहा वर्षांपूर्वी गेला. लाकडी काठीला बायका हात लावत नाहीत, म्हणून ती आणायला वर्नानं मला पाठवलं. आमच्या दोघांच्या काठ्या एकाच कारागिराच्या, माझ्या शेडमध्ये शेजारीशेजारी टांगलेल्या. मी रडत होतो. माती देऊन परत आलो तर क्लेटनची काठी खुंटीवर, आणि माझी त्याच्यासोबत गेलेली! जी मी त्याला सरावालाही कधी दिली नाही!

सहा वर्षं तोंड शिवून बसलोय. बिचारा परक्या काठीनं खेळत असेल म्हणून घास उतरत नाही. आणि खरं सांगतो, माझ्या काठीनं गोल मारत असेल म्हणून झोप येत नाही.

माझ्या पेटीत क्लेटनची काठी ठेवावी. पोचल्यावर अदलाबदल करून घेईन.

५. वर्नाला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, आणि तिनं साक्षीदार म्हणून हे सगळं मी जिवंत असताना वाचावं. मला तिची माफी हवी आहे.

६. हे कलम वर्नाचं वाचून झाल्यावर मी जोडलं. मक्याच्या सूपचा वाडगा खाली ठेवून ती म्हणाली, "अरे येड्या, पेटीपाशी मीच उभी होते. दांड्यावर तुझं नाव डागलेलं मला दिसलं नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं झुरला रे तो त्या काठीसाठी. म्हटलं, आता तरी पोटभर खेळू दे."

मग ती रडली. मीही रडलो. नाक पुसून म्हणाली, "आणि वर जाऊन परत मागितलीस ना, तर याद राख! मागून मी येणारच आहे."

सबब अदलाबदल रद्द. पेटीत क्लेटनचीच काठी ठेवावी, मी तिच्यानंच खेळेन. जड आहे मेली, आणि चेंडू डावीकडे जातो. आज दुपारपासून सराव सुरू केला आहे.

सही: एल्जिन स्काय
साक्षीदार: वर्ना स्काय, ब्राइस जेमिसन, शेजारी (दोघांनी एकत्र, माझ्या स्वयंपाकघरात)
ओस्वीकन, ९ नोव्हेंबर २०२३