तांब्याभर पाऊस

माय, सकाळपासून झड लागलीय आणि मी पलंगावर बसून खिडकीच्या काचेवरचे थेंब कॅमेऱ्यात टिपत बसलेय. सून म्हणते, "आई, बाहेर व्हरांड्यात जाऊन काढा की!" तिला काय सांगू, ही खोड मला कुणी लावली ते. तुलाच सांगते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, अर्जाला फोटो लागायला लागले, आणि बायका काही परक्या पुरुषापुढं मान वर करून बसेनात. म्हणून चौकातल्या स्टुडिओवाल्या काकांना हाताखाली एक पोरगी पाहिजे होती. तुझ्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या अण्णांनी, एवढंच म्हटलं, "काम मिळालं तर बघू. न्हाई तर उदगीरच्या पाहुण्यांना होकार कळवतो." काकांनी रोलातले शेवटचे दोन फोटो शिल्लक ठेवून कॅमेरा माझ्या हातात दिला. आभाळ भरून आलं होतं. "काचेवरचे थेंब काढून आण, घरात बसूनच. कॅमेरा भिजला तर तुझी खैर न्हाई. सकाळी दुकान उघडताना पाहिजे."

आभाळ कुठलं बरसतंय! त्या दुष्काळात ते रोज यायचं आणि तोंड दाखवून जायचं. मी खिडकीपाशी बसलेय, डोळे भरलेत. तू विचारतेस, "काय करायलीस गं?" मी सांगते. तू माठाकडं बघतेस. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. धाकट्यांना घमेल्यात बसवून आंघोळ घालायचीस आणि तेच पाणी कपड्यांना वापरायचीस. पेल्यात घोटभर उरलं तरी पाठीत धपाटा. तीच तू तांब्या भरून अंगणात गेलीस आणि बाहेरून काचेवर पाणी मारलंस. "काढ लवकर, वाळायच्या आत!" शेजारीण ओरडली, "डोकं फिरलं का बाई तुमचं?" "हाव, फिरलं!" म्हणालीस आणि उरलेलं पाणीही मारलंस. मला अजून हसू येतं, आणि रडूही.

काकांनी फोटो धुऊन भिंगाखाली धरला. "थेंबात ही बाई कोण?" प्रत्येक थेंबात तू होतीस, एवढीशी, हातात तांब्या, आणि थेंबात सगळं उलटं दिसतं तशी डोकं खाली, पाय वर. मी म्हटलं, माझी माय हाय, पाऊस तिनंच पाडलाय. ते हसतच सुटले. म्हणाले, "उद्यापासून ये."

उदगीरचे पाहुणे दुसरीकडं गेले. पुढं लातुरात, नांदेडात कितीक बायका मी कॅमेऱ्यापुढं बसवल्या, हसवल्या. पोरं शिकली, घर उभं राहिलं. आभार मानायची आपल्यात रीत नाही, तू तर "लई शहाणी झालीस" म्हणून हसली असतीस. तरी मानते, माय. लई मानते.

तू मात्र कॅमेरा दिसला की पदर ओढून चुलीकडं पळायचीस. त्यामुळं तू गेलीस तेव्हा हार घालायला तोच एक फोटो निघाला. मोठा करून घेतला, फ्रेम केली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून सांगून टाकते. ती फ्रेम मी भिंतीला उलटी टांगलीय. येणारा जाणारा म्हणतो, "ताई, फोटो उलटा लागलाय," कुणी सरळ करायला हातही घालतो. मी म्हणते, घाईत लागला, राहू द्या. थेंब वर चढल्यासारखे दिसतात, दिसू देत. तू पायांवर उभी दिसतेस.