लोधीखेड्याला सांडलेली कार्डं

सौसर,
२० सप्टेंबर १९८७

प्रिय वंदना,

तुझं पत्र मिळालं, आणि त्याच्या मागोमाग तुमच्या संस्थेचं मुलाखतीचं बोलावणंही. रीडरची जागा, अठ्ठावीस तारीख. माझं नाव तिथवर पोचावं म्हणून तू किती जणांचे उंबरठे झिजवले असशील, कळतं गं मला. आनंदानं उडायला हवं होतं. मी ते बोलावणं पर्समध्ये ठेवलं आणि तास घ्यायला गेले.

थकले आहे मी. बारा वर्षं झाली, या कॉलेजात गांडूळ आणि झुरळ कापून दाखवते आहे. मधे तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. प्राणिशास्त्रवाले म्हणाले, बाई, हे तर गणित आहे. कॉम्प्युटरवाले म्हणाले, हे तर बेडूक आहेत. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. आता कुठे दोन्हींना एका पंगतीला बसवणारी तुमची संस्था निघाली, तर माझं वय त्रेचाळीस. यानंतर कोण विचारणार? आणि अर्जात दाखवण्यासारखं काय, तर आपला तो एकच पेपर. तुझी प्रोफेसरकीही त्याच पेपरावर उभी आहे, असं तूच हसत सांगितलं होतंस.

एक्क्याऐंशी साल आठवतं? रक्तातल्या प्रथिनांची अक्षरं भोकं पाडून कार्डांवर टोचायची आणि मासा नि बेडूक नात्यानं किती जवळचे, ते कॉम्प्युटरला विचारायचं. नागपूरच्या कॉम्प्युटरवर आपला नंबर महिन्यातून एकदा. कार्डं तपासायला मी ती घरी आणली होती, संत्र्याच्या पेटीत भरून. परत निघाले तर छोट्या लाइनच्या गाडीत, लोधीखेड्याला पेटी उलटली आणि डबाभर कार्डं झाली. काय धावपळ केली लोकांनी! एक म्हातारी तर एकेक कार्ड पदरानं पुसून देत होती. "पाय ना बाई, बाकाखाली अजून असंल!" कार्डांवर क्रमांक घालायचे असतात. मी घातले नव्हते, म्हटलं, घालू सावकाश. मग नागपूर येईपर्यंत मांडीवर घेऊन ती लावत बसले. कार्डं घ्यायची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि तू दारात उभी होतीस. सगळी नीट लागली का, असं तू विचारलंस. मी हो म्हणाले.

यंदा शेवटच्या वर्षाला रामाकोन्याची पुष्पा म्हणून एक मुलगी आहे, भारी चिकाटीची. इथे कॉम्प्युटर कुठला? म्हणून आपल्या जुन्या छापील कागदांवरची अक्षरं मी मुलांना पट्ट्या कापून हातानं जुळवायला देते. जुलैत एकदा तिनं पट्ट्या टेबलावर मांडल्या, शेजारी मूळ अक्षरं छापलेलं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा मासा मधातच बेंडूक होऊन राहिला." मी हसले. मग तीन संध्याकाळी बसून तपासलं. बेडकाचं एक कार्ड माशात गेलं होतं. मासा-बेडकाच्या ज्या जवळिकीसाठी आपलं कौतुक झालं, ती माझ्या हातानं झाली होती. ते कार्ड जागेवर ठेवलं की पेपरात काहीच उरत नाही.

दोन महिने मी कुणाला काही बोलले नाही. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, पुढेही येणार नाही, असं स्वतःला समजावत राहिले. तुझं बोलावणं आलं नसतं तर कदाचित ते पटलंही असतं. पण त्या मुलाखतीत हाच पेपर समोर ठेवून बसायचं, आणि पुष्पानं उद्या विचारलं तर तिला काय सांगायचं?

काल जर्नलला दुरुस्तीचं पत्र रजिस्टरनं पाठवलं. चूक एकट्या माझी, असं स्पष्ट लिहिलं आहे, पण पेपरावर नाव तुझंही आहे. मुलाखतीला मी येत नाही. हे पत्र एवढ्यासाठीच, की तुझ्या डायरेक्टरांना ही गोष्ट बाहेरून कळण्याआधी तू स्वतः सांगावीस. आधी मला का विचारलं नाहीस, असं तू म्हणशील. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस वंदना, आणि मी ऐकलं असतं.

तुझीच,
यमुना