आत्याला कोणाच्या हवाली करावे

मी, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, नगर कार्यालयाच्या निवृत्तिवेतन शाखेत कनिष्ठ लिपिक, राहणार उतारावरची गल्ली, घर क्रमांक अकरा, वरचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या एका झडपेत, आणि झडपेचा विचारशक्तीशी संबंध नसतो, असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट ‘या वयात कसलं मृत्युपत्र, काहीतरीच तुझं’ असे म्हणणारेच सगळे भेटले.

येत्या सोमवारी माझी शस्त्रक्रिया आहे. शंभरातले शहाण्णव जण त्यातून उठून घरी जातात. मी संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली, त्यामुळे शहाण्णव हा आकडा किती चांगला आहे हे मला कळते. उरलेले चार हेही कोणीतरी असतात, हेही कळते. त्या चारांत असण्याची भीती मला एकाच कारणाने वाटते. माझ्यासोबत माझी आत्या राहते. तिचे वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली, तेव्हापासून तिला जिना उतरता येत नाही. माझ्यामागे तिचे कोण करणार, हे मला ठरवून जायचे आहे. हा कागद त्यासाठी आहे. बाकी माझ्याकडे देण्यासारखे फार नाही.

१. वारसांविषयी. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात ‘माझ्या पश्चात माझी मुले, नातवंडे व पुढील पिढ्या’ अशी ओळ होती. ती मी खोडली आहे. माझ्यानंतर जे कोणी उरतील, ते सगळे माझ्याहून मोठे आहेत. आमच्या गल्लीत चौदा घरे आणि अठरा माणसे. मला वगळून सरासरी वय एकोणऐंशी, मला धरून शहात्तर. म्हणजे माझ्या एकटीमुळे गल्ली तीन वर्षांनी तरुण होते.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात लोकसंख्येचा मनोरा होता. खाली रुंद पायथ्याशी मुले, वर निमुळत्या टोकाला म्हातारी माणसे. तो फळ्यावर काढला गेला तेव्हा आम्ही वर्गात नऊ जण होतो. आज आमच्या गल्लीचा मनोरा काढायचा तर तो उलटा काढावा लागेल, आणि खालच्या टोकावर मी एकटी असेन. बाकीचे आठ जण मोठ्या शहरांत गेले. जाताना प्रत्येकाने ‘तूही ये’ म्हटले होते. ते मनापासून म्हटले होते. पहिल्या वर्षी फोन यायचे, मग वाढदिवसाला यायचे, आता मीच करत नाही. माझ्या वयाच्या माणसाशी कामाव्यतिरिक्त शेवटचे कधी बोलले, हे आठवून पाहिले आणि सोडून दिले.

२. नोकरीविषयी. ही माझी मालमत्ता नाही हे मला माहीत आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्यांना कार्यालयात येता येत नाही, त्यांच्या घरी मी अंगठ्याचे यंत्र घेऊन जाते. म्हाताऱ्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, ओळख पटली नाही, आणि तो माणूस समोर उभा राहून माझ्यासाठी चहा गाळत असतो. मग मी हाताने लिहिते की, प्रत्यक्ष पाहिले. घर क्रमांक पाचचे ड्रायव्हरमामा दर वर्षी विचारतात, “काय ग, यंदा पास का?” मी म्हणते, “काठावर.” त्यांना ऐकू येत नाही, पण ते हसतात.

आमच्याच दालनात जन्मनोंदणीची खिडकी आहे. ती आता फक्त गुरुवारी उघडते. मृत्युनोंदणीला दोन खिडक्या आहेत, आणि तिसरीसाठी भिंत फोडायचे चालले आहे. माझ्या रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेब म्हणाले, “तुमचं पद पुन्हा भरलं जाणार नाही. वरून आदेश आहे.”

“मग घरी कोण जाणार, साहेब? ही माणसं कागदावर मरतील.”

“कागदावरच ना?” साहेब म्हणाले आणि त्यांनी रजेवर सही केली.

त्या दोन शब्दांबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही. ते इथे नोंदवून ठेवते. माझ्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट त्यांना द्यावा.

३. वडिलांविषयी. आई मी चार वर्षांची असताना गेली. पुढच्या वर्षी वडील कामासाठी परदेशी गेले आणि मला आत्याकडे ठेवले, दोन वर्षांसाठी. त्याला आता बावीस वर्षे झाली. ते हयात आहेत असे मी धरून चालते, त्यांचा दाखला माझ्या शाखेत येत नाही. त्यांच्यासाठी मी पदवीदानाच्या दिवसाचा फोटो ठेवते. त्यात आत्या आहे, मी आहे आणि मध्ये एक खुर्ची आहे, तिच्यावर आत्याची पिशवी. कार्यक्रम संपेपर्यंत आत्याने ती जागा धरून ठेवली होती. कोणी बसायला आले की म्हणायची, “येताहेत, वाटेत आहेत.” मी त्या दिवशी तिच्यावर चिडले होते. वडिलांवर चिडायला ते समोर नव्हते.

४. वस्तूंविषयी. माझी पुस्तके दोन फळ्या भरतील एवढी आहेत, ती मोठ्या बाईंना द्यावीत. त्या घर क्रमांक तीनमध्ये राहतात, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. थंडीचा कोट शिंपीकाकांना, घर क्रमांक नऊ. त्याचे कापड चांगले आहे आणि उसवून त्यांना हवे ते शिवता येईल. सायकल चालवू शकेल असे गल्लीत कोणी नाही. ती कार्यालयाबाहेर कुलूप न लावता उभी करावी. एखाद्या तरुणाने ती चोरून नेलीच, तर नेऊ द्यावी. निदान इथे एक तरुण येऊन गेला, एवढे तरी कळेल.

५. माझ्या पायांविषयी. खरे तर गल्लीने माझ्याकडून वापरले ते हेच. बल्ब बदलणे, सुईत दोरा ओवणे, औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून दाखवणे, घट्ट बरणी उघडणे, पलंगाखाली गेलेली चप्पल काढणे. याची यादी केली तर एकेचाळीस कामे भरली. ही एका माणसाने करायची कामे आहेत, आणि तसा एक माणूस माझ्यामागे राहत नाही. म्हणून मी दोघादोघांचा मिळून एक केला आहे.

शिंपीकाका रोज पहाटे नदीपर्यंत चालून येतात, पण त्यांना जवळचे दिसत नाही. मोठ्या बाई चष्म्याशिवाय वाचतात, पण त्यांचे गुडघे गेले. दोघांचा मिळून एक धडधाकट माणूस होतो. अडचण एवढीच की ते एकमेकांशी बोलत नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनी काकांनी शिवलेले साठ गणवेश कॉलर वाकडी म्हणून परत पाठवले होते. मी दोघांकडे वेगवेगळी गेले.

काका म्हणाले, “कॉलर सरळ होती. पोरं हलत होती.”

बाई म्हणाल्या, “साठच्या साठ पोरं डावीकडेच हलत होती का, विचार त्याला.”

मी विचारायला गेले नाही. मी दोघांनाही म्हटले की, मी सोमवारी जाते आहे, मंगळवारी बल्ब गेला तर काय करणार ते तुमचे तुम्ही ठरवा. यावर दोघेही गप्प बसले. ते मी होकार म्हणून धरले आहे.

दुसरी जोडी ड्रायव्हरमामा आणि त्यांच्या शेजारच्या नर्सबाई, घर क्रमांक सहा. मामांच्या मनगटात अजून ट्रक वळवण्याची ताकद आहे, ऐकू मात्र येत नाही. नर्सबाईंना तीन घरांपलीकडचा खोकला ऐकू येतो, पण हात थरथरतात. त्या ऐकतील, ते उघडतील. बाकीच्या जोड्या सोबतच्या कागदावर आहेत.

६. साक्षीदारांविषयी. वकीलबाईंनी फोनवर सांगितले, “दोन साक्षीदार लागतील. ज्यांना तुझ्याकडून काहीच मिळत नाही असे. आणि शक्यतो तुझ्याहून लहान बघ, पुढे साक्ष द्यायला राहायला हवेत.”

मी म्हटले, “माझ्याहून लहान गल्लीत फक्त एक मांजर आहे.”

“मग ज्यांना काही मिळत नाही असे तरी बघ.”

मी कागद चाळला. गल्लीत प्रत्येकाला मी काही ना काही देऊन बसले होते. गल्लीबाहेर, सही करायला ये असे सांगावे असे माझे कोणी नव्हते. कार्यालयात दोघांना विचारले. एकाने ‘नको बाबा, कोर्टाचं लफडं’ म्हटले, दुसरीने ‘बघते’ म्हटले आणि तिने बघितले नाही. हे कळल्यावर मोठ्या बाईंनी निरोप पाठवला की त्यांना माझी पुस्तके नकोत, त्या सही करतील. अर्ध्या तासात काकांचाही निरोप आला, कोट नको. तेव्हा कलम चारमधील पुस्तके व कोट रद्द समजावेत. पुस्तके कार्यालयाच्या वाचनालयाला द्यावीत, कोट ज्याला बसेल त्याला.

७. आत्याविषयी. हे कलम मी दोनदा लिहिले. पहिल्यांदा असे लिहिले होते: ‘माझ्या आत्यास सोमवार ते बुधवार मोठ्या बाईंच्या, गुरुवार-शुक्रवार नर्सबाईंच्या आणि शनिवार-रविवार उरलेल्यांच्या हवाली करावे.’ माणूस मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या होत्या. तरी मी लिहिले. दुसरे काय लिहावे ते सुचत नव्हते.

रविवारी दुपारी मी सगळा कागद आत्याला वाचून दाखवला. ती मटार सोलत होती. वाचून होईपर्यंत ती सोलतच राहिली.

मग म्हणाली, “शिंप्याला काय काम दिलंस?”

“बल्ब बदलायचं. बाई खालून सांगतील.”

“त्या बहिऱ्याला?”

“बरण्या उघडायच्या.”

“आणि मला?”

“तुला कसलं काम, आत्या? तुझं सगळं तेच करतील.”

तिने मटाराची शेंग तशीच खाली ठेवली. “सायकल तरी कोणी न्यावी म्हणून तू कुलूप न लावता ठेवलीस. मला तीन ठिकाणी वाटून मोकळी झालीस. मी काय सामान आहे?”

“तुला जिना उतरता येत नाही. मी नसले तर तू इथे एकटी पडशील. दिवसभर कोणाला कळायचं पण नाही. मी काय करू, सांग.”

“जिना पायांनी उतरतात,” ती म्हणाली. “मी तीस वर्षं नोकरी पायांनी केली का?”

आत्या बसस्थानकावर गाड्या पुकारायची. कर्णा बिघडला तर ती खिडकीतून नुसत्या आवाजावर गाड्या सोडायची, आणि ती बोलली की सहाव्या फलाटावर झोपलेला माणूस उठून बसायचा. निवृत्त झाल्यापासून हा आवाज ती माझ्यावरच वापरत आली आहे.

“सकाळी सातला ती खिडकी उघडायची,” ती म्हणाली. “मी दारं पुकारते. एक ते चौदा. ज्याने त्याने ‘आहे’ म्हणायचं. ज्याचं आलं नाही, त्याच्याकडे तुझी ती शिंपी आणि मास्तरीण जातील भांडत भांडत.”

“आणि तुझं कोण बघणार?”

“मी पुकारलं नाही तर तेरा घरांना कळेल ना. गाडी पुकारायला पाच मिनिटं उशीर झाला की लोक आधी माझ्याच खिडकीशी यायचे. हातात तिकीट, तोंडात शिव्या.”

चार वर्षे मी या गल्लीतली माणसे मोजत आले. कोणाला काय जमत नाही, याची माझ्याकडे यादी होती. कोणाला काय येते, हे मी माझ्याच घरात विचारले नव्हते.

तेव्हा कलम सात आता असे वाचावे. आत्या अकरा नंबरच्या घरात, तिच्या खोलीत, तिच्या खिडकीशी राहील. तिला कोणाच्याही हवाली करू नये. रोज सकाळी सात वाजता ती गल्लीतील दारे पुकारेल. हे काम तिला मी दिलेले नाही, तिने घेतले आहे, आणि ते काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. खानावळीचा डबा पूर्वीप्रमाणे येईल, आंघोळीला नर्सबाई येतील, हे त्यांच्याशी बोलून ठरले आहे. माझ्या बचतीतून शस्त्रक्रियेनंतर जे उरेल ते आत्याचे.

काल सोमवारी पहिल्यांदा पुकारले. एक नंबरच्या आजोबांना भाजीवाली वाटली, त्यांनी वरूनच दुधीचा भाव विचारला. मोठ्या बाईंनी ‘उपस्थित’ म्हटले. पाच नंबरचे उत्तर नर्सबाईंनी भिंतीवर थाप मारून मामांकडून वसूल केले. आत्या दहापर्यंत आली आणि सरळ बारावर गेली.

मी म्हटले, “अकरा राहिलं.”

ती खिडकीकडेच तोंड करून म्हणाली, “ते आपलं. पुढच्या सोमवारी त्याला कोण उत्तर देणार? आधीपासून सवय लागायला नको.”

आज सकाळीही तिने तसेच केले. दहा म्हणाली, श्वास घेतला, आणि बारा म्हणणार तेवढ्यात खालून शिंपीकाका ओरडले, “ओ बाई, एक गाडी चुकली.” मागोमाग बारा नंबरवाले म्हणाले, अकराचा आकडा येईपर्यंत ते बोलणार नाहीत. गल्ली थांबून राहिली. आत्याने खिडकीची चौकट घट्ट धरली. तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा बारीक ऐकला.

“अकरा.”

मी तिच्या मागेच उभी होते. मी ‘आहे’ म्हटले. ते खाली पोचले नसावे, कारण मोठ्या बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “ऐकू येईल असं.” मी पुढे होऊन, खिडकीतून वाकून पुन्हा म्हटले. मग आत्या बाराकडे वळली.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले, आणि चार-पाच दशके तरी हेच शेवटचे राहावे, अशी माझी इच्छा आहे.

ठिकाण : घर क्रमांक अकरा, वरचा मजला
दिनांक : ११ फेब्रुवारी, मंगळवार
लिहून ठेवणारीची सही

आम्ही दोघांनी या मुलीला आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले, आणि तिच्यासमोर व एकमेकांसमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १ : निवृत्त मुख्याध्यापिका, घर क्रमांक तीन, वय ८१. दोन जिने चढून वर आले. शिंप्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

साक्षीदार २ : निवृत्त शिंपी, घर क्रमांक नऊ, वय ७९. सही कुठे करायची ते बाईंनी बोट ठेवून दाखवले. सही थोडी डावीकडे गेली आहे.