मीठ बघायला कोणी नाही

शारजा, जुलै १९९८, शुक्रवार

आज घरी स्टेक केला. सई पोरांना घेऊन सुट्टीला चिपळूणला गेल्यापासून कॅन्टीनच्या डाळीचा वीट आला होता. ऑफिसातला लेबनीज साहेब म्हणाला होता, "हबीबी, फक्त मीठ आणि मिरी. खलास!" नुसती मिरी? आमच्या घरात? मटणाच्या त्या जाड तुकड्याला सईचा मसाला चोळलाच. गॅसवर जाळी ठेवून भाजला. घरभर धूर, पण वास झकास.

कडेचा तुकडा कापला, फुंकर मारली आणि सवयीनं हॉलकडे ओरडलो, "सई, मीठ बघ गं!"

एसी तेवढा घरघरत होता.

शुक्रवारचं मटण मी करायचं आणि मीठ तिनं बघायचं, हे लग्नापासूनचं. मी स्वतः कधी चाखलंच नाही की काय? तो तुकडा शेवटी मीच खाल्ला. मीठ कमी वाटलं. खरंच कमी होतं, की मला कळतच नाही? डबा हाताशी होता, तरी घातलं नाही. तसाच जेवलो.

संध्याकाळी तिचा फोन आला. स्टेक केला म्हटल्यावर हसली. मग म्हणाली, "अहो, पण मीठ कोणी बघितलं?"